न सडलेली संत्री

सहाव्या दिवशीही संत्री सडायला तयार नव्हती.

आकांक्षानं ट्रे पुन्हा खाली काढला. चाळीस फळं. प्रत्येकाच्या सालीला तिनं सुईनं टोचलं होतं आणि त्या छिद्रात हिरव्या बुरशीचा थेंब सोडला होता. तिसऱ्या दिवशी साल मऊ पडायला हवी होती, पाचव्या दिवशी वर हिरवी भुकटी दिसायला हवी होती. नऊ फळं तशी गेली. एकतीस मात्र टणक बसून होती.

सोमवारी समितीपुढं उभं राहायचं होतं. प्रयोग आधी दोनदा फसला होता. तिसऱ्यांदा फसला तर विषयच बदलायचा, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सांगून ठेवलं होतं. अकोल्यातला मार्च, प्रयोगशाळेतला पंखा गरम हवाच फिरवत होता. तिचे पाय भरून आले होते.

"तुझी बुरशीच मेली असेल," मॅडम जाता जाता म्हणाल्या.

मेली नव्हती. तीच बुरशी बाजारच्या संत्र्यांवर तीन दिवसांत पसरली होती.

फोन वाजला. बाबा. जानराव रोज संध्याकाळी फोन करत. रिद्धपूरजवळच्या त्यांच्या बागेतलीच ही फळं. पोतं मोटरसायकलवर बांधून ते स्टँडपर्यंत आले होते आणि पुढं एसटीनं अकोल्याला. "आज पहाटेच तोडले, एकालेही खरचटू देलं नाही," असं म्हणाले होते. जन्मभर बुरशीवर फवारे मारलेला माणूस आता रोज आशेनं विचारायचा.

"काय वं, सडले का?"

"नाही ना, बाबा."

"आता आपल्या बागेचा मालच तसा हाये, त्याले मी काय करू?"

एरवी ती हसली असती. तिनं फोन ठेवला आणि एका टणक फळाच्या सालीचा, सुईच्या छिद्रापासून दूरचा, पातळ काप काढून त्यावर रंगाचा थेंब टाकला. आशा म्हणून नाही; करायचं आणखी काही उरलं नव्हतं म्हणून. मग तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काप लाल झाला होता.

ती ताठ झाली. न खरचटलेल्या सालीला असा लाल रंग चढत नाही. तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरणच हे होतं. साल खरचटली की फळ स्वस्थ बसत नाही. जखमेच्या कडेच्या पेशी लिग्निनची, लाकडाला टणक करणाऱ्या आणि या थेंबानं लाल होणाऱ्या द्रव्याची, भिंत उभी करतात, बुरशीला मारणारी रसायनं तयार करतात. पण त्याला उसंत लागते, निदान दोन दिवसांची. जखमेवर लगेच बुरशी बसली तर फळ हरतं.

तिनं भिंग घेतलं. एकतीसही फळांवर, देठापासून बुडापर्यंत, बारीक ओरखडे होते. धुताना तिच्या थकल्या डोळ्यांना ते दिसले नव्हते. एका देठाच्या खोबणीत डांबराचा काळा कण अडकला होता. सडलेली नऊ तेवढी साफ होती. ती फळं पोत्याच्या मधोमध असणार.

पोतं हातात आलं त्याच दुपारी तिनं सुई टोचली होती. म्हणजे फळं त्याआधी दोन दिवस जखमी होती. आणि बाबा म्हणाले होते, आज पहाटेच तोडले.

आता तिला तो दिवस दिसला. एवढ्या उन्हात बाबांच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. चहाचा कप डाव्या हातात. "थोडं बसू का तुह्याजवळ?" असं त्यांनी विचारलं होतं आणि ती "उशीर होऊन राहिला, बाबा" म्हणत पोतं घेऊन आत पळाली होती.

तिनं फोन लावला.

"सडले?" पलीकडून लगेच आवाज आला.

"बाबा, गाडीवरून कुठी पडले होते तुमी? अन् मंग दोन दिवस कोन्त्या दवाखान्यात होते?"



"तुले कोनं सांगतलं? तुह्या मायनं?"

"नाही," आकांक्षा म्हणाली. "संत्र्यायनं."