प्रशिक्षणात पहिल्या

"लावता पैज, वहिनी? प्रशिक्षणात पहिल्या आलात तरी कॉलेज तुम्हाला पर्मनंट करणार नाही. केलं, तर मिशी उतरवतो!" समोरच्या प्राध्यापक वहिनींना मी जिन्यातच अडवलं. कॉलेजात त्यांचा दरवर्षी नवा करार, आणि जिभेला माझ्या हाड नाही.

"नाही केलं, तर भर अंगणात कोंबड्यासारखी आरवेन, भाऊजी!"

ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षण. वहिनींनी सरावासाठी वर्षभराचे धडे रेकॉर्ड केले नि पहिल्या आल्या. प्राचार्य खूश. म्हणाले, "आता धडे आहेतच की. यंदा तुम्ही नाही आलात तरी चालेल."

संध्याकाळी अख्खी बिल्डिंग खाली जमली.

"सोडा वहिनी, चेष्टा होती."

त्यांनी पदर खोचला आणि आरवल्या.

त्याच कॉलेजातली माझी लेक वरून खेकसली, "कोण ओरडतंय? काकूंचं लेक्चर ऐकू येत नाहीये!"