एका अक्षराचा शब्द

समजा, तुम्ही आठ वर्षांचे आहात आणि तुमच्या तोंडात एक शब्द आहे. अगदी लहान, एका अक्षराचा. तुम्ही तो उच्चारला नाहीत, तर तुमचं सगळ्यात लाडकं माणूस गाव सोडून जाऊ शकत नाही. उच्चाराल? घाई करू नका. आधी सईकडे पाहा.

दिघीच्या जेटीवर ती ओठ घट्ट मिटून उभी होती. समोर आगरदांड्याची फेरीबोट लागली होती. बाबांची गाडी बोटीवर चढलीसुद्धा. गाडीत ताईच्या दोन बॅगा आणि त्यांत आईने कोंबलेलं मेतकूट, आमसुलं, पोह्याचे पापड. ताईचा, म्हणजे क्षिप्राचा, एक पाय बोटीच्या फळीवर होता आणि एक जेटीवर. ती कझाकस्तानला निघाली होती. डॉक्टर व्हायला. सहा वर्षांसाठी.

"येते हं, सई," ती म्हणाली.

सई गप्प.

त्यांच्या दिवेआगरच्या घरात कोणी 'जाते' म्हणत नसे. वाडीत सुपारी गोळा करायला जायचं असो की हरिहरेश्वराच्या दर्शनाला, निघणाऱ्याने म्हणायचं 'येते' आणि राहणाऱ्याने म्हणायचं 'ये'. ते ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एकदा आई बाबांवर रागावली होती. ती 'या' म्हणेना. बाबा पायात चपला, काखेत छत्री अशा थाटात पाऊण तास ओटीवर बसून राहिले. श्रीवर्धनची एसटी निघून गेली, पण ते हलले नाहीत. सईने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच सकाळी उंबऱ्यावर ती म्हणाली होती, "मी जेटीवर म्हणेन." त्या भरवशावरच ताईने उंबरा ओलांडला होता.

खरं तर ताईला इतक्या लांब पाठवण्यात सईचाही हात होता. अर्जाचे कागद क्रमाने लावले ते सईने. परदेशातल्या मॅडमनी व्हिडिओवर मुलाखत घेतली तेव्हा रेंज फक्त विहिरीपाशी मिळत होती. सईने फोन धरला. हात भरून आला, तरी हलू दिला नाही. मॅडमनी शेवटी काहीतरी विचारलं. ताईच्या लांबलचक इंग्रजी उत्तरातला सईला एकच शब्द कळला. दिवेआगर.

आणि रशियन! तिकडचे पेशंट रशियन बोलणार, म्हणून ताई पहाटे उठून ती भाषा शिकायची. सई पेशंट व्हायची. माजघरात चटईवर आडवी व्हायची आणि कण्हायची. ताई गंभीर चेहऱ्याने विचारायची, "ग्द्ये बलीत?" म्हणजे, कुठे दुखतंय? पेशंटने बोलायचं नाही, दुखतं तिथे नुसता हात ठेवायचा, असा नियम होता.

"आधी मला त्यांचे शब्द कळणार नाहीत ना," ताई म्हणायची. "हातच वाचावा लागेल."

सईने पोट दाखवलं, गुडघा दाखवला, पडायला आलेला दात दाखवला. एकदा मांजरीची शेपटी पकडून दाखवली.

"हा पेशंट आमच्या कॉलेजात चालत नाही," ताई म्हणाली.

सईला तो खेळ वाटत होता. व्हिसा आला त्या दिवशी तिने बोटं मोजली. ताई शिकून परत येईल तेव्हा ती चौदा वर्षांची झालेली असेल. चौदा वर्षांच्या मुली चटईवर पडून पेशंट होत नाहीत.

"ओ डॉक्टरीणबाय!" बोटीवरचा शिवदास ओरडला. "दोन्ही पाय एका बाजूला घ्या. बोट सुटली तर मधीच ऱ्हाल!"

"सई, 'ये' म्हण ना गं," आई हळूच म्हणाली. "निघालेल्या माणसाला असं अडवू नये."

"क्षिप्रा, चल," बाबांनी गाडीतून हाक मारली. "विमान काही आपल्या घरचं नाही."

"सईने अजून म्हटलं नाही, बाबा."

आणि क्षिप्राने फळीवरचा पाय मागे घेतला.

सईला वाटलं, जमलं! शब्द खरंच ताकदीचा होता.

ताई तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. चेहरा गंभीर केला. पण तो चटईवरच्यासारखा नीट जमला नाही.

"ग्द्ये बलीत?" तिने विचारलं.

नियम म्हणजे नियम. सई बोलली नाही. तिचा हात वर आला, जरा घुटमळला आणि गळ्यावर जाऊन थांबला.

ताईने तो हात वाचला. बराच वेळ वाचला.

"तिथे अडकलाय होय?" ती म्हणाली. "मग नको काढूस. सगळं शिकून मी आपल्या दारात उभी राहीन ना, तेव्हा तू मला काय म्हणशील?"

सईने ओठ उघडले नाहीत. पण तिला उत्तर कळलं.

"हाच शब्द लागेल मला," ताई म्हणाली. "तोवर सांभाळ. येते."

ती उठली. त्यांच्या घरातलं कोणीतरी पहिल्यांदाच 'ये' ऐकल्याशिवाय निघालं. फळी वर उचलली गेली. बोटीने तोंड फिरवलं. खाडीचं पाणी जेटीच्या पायऱ्यांवर आपटू लागलं. आई हात उंच करून "ये गं! ये!" म्हणत राहिली. बोटीच्या कठड्याला टेकून ताईही हात हलवत होती.

आता सईचा गळा मोकळा झाला. शब्द वर आला, जिभेवर आला. मोठ्याने म्हटला असता तर अर्ध्या खाडीपर्यंत सहज पोचला असता.

सईने चटकन एक तळवा तोंडावर ठेवला, त्यावर दुसरा ठेवला आणि दोन्ही घट्ट दाबून धरले. ताईला हलवून दाखवायला तिच्याकडे एकही हात उरला नाही.