आई नावाची मुलगी

"आई!"

बाहेरच्या खोलीतून हाक आली आणि प्रभावतीबाई जागच्या हलल्या नाहीत. पुढ्यात फणसाच्या उकडलेल्या आठळ्यांची परात होती. त्यांनी एक उचलली आणि नखाने तिचं साल काढलं.

"आई! आई!"

दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठी होती. पाय आपोआप उठायला निघाले, बाईंनी त्यांना दटावलं. पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं.

संदेश त्यांचा एकुलता एक मुलगा. पंचेचाळिशीचा, शाळेत क्लार्क आणि उरलेल्या वेळात जपानी. रत्नागिरीत त्याचा एक क्लब होता. तिथे तो दर महिन्याला एक जपानी सिनेमा दाखवायचा, तोही असातसा नाही, ज्याचं नाव जपानातल्या माणसानेही ऐकलेलं नसेल असा. कधी भुतांचा, कधी तलवारींचा, कधी नुसता एका न्हाव्याचा. लग्नाचं वय त्याने हे सिनेमे हुडकण्यात घालवलं. आता असल्या सिनेमाला खाली मराठीत संवादांच्या पाट्या कोण देणार? म्हणून तो पडद्याशेजारी उभा राहून सगळ्यांचे संवाद मराठीत बोलायचा. म्हातारा, पोलीस, नवी नवरी, सगळे तोच. त्याची तालीम घरी चाले, दार लोटून. टीव्हीचा आवाज बंद, याचा चालू.

घोळ झाला तो महिन्याभरापूर्वी. सिनेमा होता बर्फात हरवलेल्या मुलीचा. बाप तिला हाका मारत रानोमाळ फिरतो. आणि मुलीचं नाव आई. जपानात असतं म्हणे, अर्थ प्रेम. क्लबातली राही म्हणालीही होती, सर, नाव बदलू या, लोक हसतील. संदेश तापला. मूळ नावाला हात लावणं त्याच्या लेखी पाप होतं.

प्रभावतीबाईंना हे कोण सांगणार? मुलगा घरात त्यांच्याशी बोलायचाच नाही. भूक लागली की ताट आपटायचा, तेवढंच. अशा घरात एके दुपारी "आई!" अशी हाक आली, तीही जीव तोडून. बाई गुडघे सांभाळत, भिंत धरत धावल्या. "काय झाला रे बाबू?" संदेशने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी खोलीत क्लबाची आठ माणसं बसली होती. बाईंनी दारात उभं राहून "ओ, आले रे" म्हटलं आणि आठही माणसं खो खो हसली. एकाने तर टाळ्या वाजवल्या.

क्लबाची माणसं गेल्यावर संदेश स्वयंपाकघरात आला.

"तुला नाही मारत मी हाक. तुला कशाला मारेन? यापुढे मी कितीही बोंबललो तरी त्या दाराला हात लावायचा नाही. कळलं?"

कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण हाक आपली नाही हे कळूनही ती बाईंना गोड लागायची. दुपारी कामं उरकली की त्या मुद्दाम त्या खोलीच्या भिंतीला टेकून बसायच्या. आपल्या पोराच्या तोंडून एवढ्या मायेने "आई" निघतंय, मग ते कोणासाठी का असेना. मधले काही दिवस आवाज बंद होता तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. आज पुन्हा सुरू झाला होता.

आत काहीतरी धप्पकन पडलं. बाप बर्फात कोसळतो, ते बाईंना भिंतीआडून रोज ऐकून पाठ झालं होतं.

"आई गं... आई, ये ना..."

आज त्याने "गं" लावला होता. "ये ना" तर अगदीच नवं होतं. सुधारतोय हो, बाईंनी मनात म्हटलं. आवाज बारीक होत गेला, घशात अडकायला लागला. इतकं खरं तो याआधी कधीच बोलला नव्हता. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदराने टिपले आणि पुढची आठळी सोलायला घेतली. मग आवाज थांबला. मुलगी सापडली की तो बाप असाच गप्प होतो.

बऱ्याच वेळाने मागच्या दाराने राही आली.

"काकी, सर कुठायत? तीनदा फोन केला, उचलत नाहीत."

"हळू बोल गो बाय. तालीम चाललीय त्याची, आत जाव नको, चिडतो. आत्ता जरा थांबलाय. बस, आठळ्या खा." बाईंनी परात तिच्याकडे सरकवली. त्यांचा चेहरा कौतुकाने फुलला होता. "आज काय बोलला म्हणून सांगू! आई, आई करून माजा पण जीव कासावीस केलान."

राहीचा हात परातीवरच थांबला.

"काकी, तो सिनेमा गेल्या शनिवारीच दाखवून झाला. आताचा विनोदी आहे. त्यात आई नाहीच."