नव्या मशीनचा नारळ

"दादा, गच्चीला जाली करायची हाय. वेल्डिंग मशीन तूच निवड," म्हणत धाकट्या रोहिदासने जनार्दनला तुर्भ्याच्या दुकानात नेलं. आयुष्यभर कारखान्यात वेल्डिंग केलेल्या जनार्दनने दुकानदाराचं डोकं खाल्लं आणि घरचा फ्यूज उडवणार नाही असं हलकं मशीन निवडलं. भावाचे डोळे जपायला काळ्या काचेचं हेल्मेटही घ्यायला लावलं. घणसोलीच्या घरी, दोघांच्याही हळदी जिथे लागल्या त्या सामाईक ओटीवर त्याने मशीनपुढे नारळ फोडला, रोहिदासचा हात धरून वेल्डिंगचा टाका मारायला शिकवलं. मग तो आळीत प्रसाद वाटायला गेला. परतला, तर गच्चीची म्हणून आणलेली जाळी ओटीचे दोन भाग करत मधोमध उभी होती. दादाने शिकवले तसेच टाके मारून रोहिदास ती भिंतीतल्या सळईला जोडत होता. जनार्दन पाहतच राहिला. हेल्मेट न काढता रोहिदास म्हणाला, "दादा, बघू नको. डोलं दुखतील."