उंबऱ्यापाशी वाळू

आठव्या सकाळीही उंबऱ्यापाशी पसरलेली वाळू जशीच्या तशी होती. पावलाचा ठसा नाही, बोटाची रेघ नाही.

"ये, बघ गं," अमीरबीनं आतल्या खोलीकडं हाक दिली. "मुंगीसुदिक गेली न्हाई."

तिची लेक आफरीन केस बांधत बाहेर आली. वाकून तिनं वाळू नीट पाहिली. मग खाटेवर बसून चहा फुंकणाऱ्या वडिलांकडं पाहिलं.

"अब्बा, रात्री उठला होता?"

"तूच सांग. मला कुठं आठवतं?" सुभान गुरुजी म्हणाले.

"स्वप्न काय पडलं, नाना?" सहा वर्षांच्या आसमीननं विचारलं. आजोबांना ती रोज हेच विचारायची.

"पाटी कोरी," गुरुजी म्हणाले. तेही रोज हेच सांगायचे.

गुरुजी झोपेत चालायचे. मांडवगणात हे सगळ्यांना ठाऊक होतं. थंडीत एकदा ते पहाटे शेजारच्या मच्छिंद्रच्या गोठ्यात सापडले, म्हशींची हजेरी घेताना. पुढं आठवडाभर मच्छिंद्र दिसेल तिथून ओरडायचा, "गुरुजी, दोन म्हशी गैरहजर हायत, पालकांना चिठ्ठी धाडा!" सगळे हसायचे. गुरुजीही हसायचे. पण महिन्याभरानं ते नदीच्या घाटावर, पाण्याला लागून असलेल्या पायरीवर उभे दिसले, तेव्हा कुणी हसलं नाही. दाराला कुलूप लावून पाहिलं. झोपेतच त्यांनी किल्ली शोधून काढली.

आफरीनला पुण्यात नर्सिंगचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग मिळालं होतं. नवरा नौशाद दौंडला रेल्वेत, ड्यूटी बहुतेक रात्रीची. आसमीनला आजोळी ठेवायचं, नाहीतर ट्रेनिंग सोडायचं, एवढे दोनच रस्ते. "आन् पोर त्यांच्या मागं मागं नदीवर गेली म्हंजी?" नौशादनं विचारलं होतं. म्हणून आफरीन आठ दिवस राहायला आली होती. आठ रात्री अब्बा घराबाहेर पडले नाहीत, तरच पोर इथं राहणार होती.

वाळूची युक्ती तिचीच. गुरुजींच्या खाटेखाली नदीच्या चाळलेल्या वाळूचा डबा असे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गल्लीतली पोरं संध्याकाळी ओट्यावर जमायची आणि ताटातल्या वाळूवर बोटानं अक्षरं गिरवायची. चुकलं तर खोडरबर नको, रागावणं नको. वाळू सपाट करायची आणि पुन्हा काढायचं. त्याच डब्यातली वाळू आफरीननं पहिल्या रात्री उंबऱ्याच्या आतल्या बाजूनं पसरली.

गुरुजी कमरेवर हात ठेवून बघत होते. "हे काय, टेकड्या केल्यास! यावर ठसा उमटेल का?" ते खाली बसले आणि तळहाताची कड वाळूवरून एकदाच ओढली. वाळू काचेसारखी सपाट झाली.

"सोताचा सापळा सोताच लावा," अमीरबी म्हणाली.

"सापळा असो नाहीतर धडा असो, काम नीट झालं पाहिजे."

पुढच्या सगळ्या सकाळी तशाच उजाडल्या. अमीरबी सगळ्यांत आधी उठून वाळू बघायची, लेकीला दाखवायची, मग उभ्याउभ्याच लांब दांड्याच्या झाडूनं ती सुपलीत ओढून डब्यात भरायची. तिचे गुडघे धरले होते.

"हात चांगला बसलाय," चौथ्या दिवशी ती म्हणाली.

"मास्तराचं घर आहे," आफरीन हसून म्हणाली.

आज आठवा दिवसही पार पडला. आफरीननं नौशादला फोन लावला. "ठेवते मी आसमीनला इथंच," तिनं सांगितलं. गुरुजी उठले. त्यांनी भिंतीवरची जुनी पाटी उतरवली आणि ओल्या फडक्यानं पुसायला घेतली.

दहाच्या एस.टी.ला अमीरबी एकटीच पोचवायला गेली. आसमीन रडेल म्हणून गुरुजींनी तिला ओट्यावर अभ्यासाला बसवलं होतं.

आफरीन खिडकीशी बसली. कंडक्टरनं घंटी दिली.

"अम्मी, आता वाळू बंद कर हां!" ती ओरडली. "रोज रात्री वाकून वाकून गुडघ्यांचं वाटोळं केलंस. मी आपली नऊलाच घोरत पडायचे!"

अमीरबीनं बोलायला तोंड उघडलं, तोवर गाडी हलली होती. तिनं नुसताच हात हलवला. गाडी वळणाआड गेली तरी तो हात वरच होता.

एकाही रात्री ती वाकली नव्हती. लेकच पसरते, असं ती आठ दिवस धरून चालली होती.

घरी आली तेव्हा गुरुजी नातीसमोर मांडी घालून बसले होते. आसमीननं काढलेलं वाकडं अक्षर त्यांनी तळहाताच्या कडेनं पुसलं. ताटातली वाळू पुन्हा सपाट झाली.

"हां, काढ परत. घाई नाही," ते म्हणाले. मग मान वर केली. "रडली का गं आफरीन?"

"न्हाई."

"मग अशी काय बघतेस?"

"काय न्हाई," अमीरबी म्हणाली. "हात बघती तुमचा."

त्या रात्री तिनं आसमीनला थोपटून निजवलं आणि आतल्या खोलीला कडी घातली. स्वतःचं अंथरूण बाहेर, गुरुजींच्या खाटेशेजारी टाकलं. गुरुजी केव्हाच घोरू लागले होते.

तिनं खाटेखालचा वाळूचा डबा ओढला, उंबऱ्यापाशी नेऊन ठेवला आणि झोपेतल्या हाताला सहज निघेल इतकं त्याचं झाकण सैल केलं.