तीन कॉम्प्युटर, एक पत्र

"तुझ्या डबड्यात माझी फाइल उघडतच नाही," थोरला म्हणाला.

"डबडं तुझं. माझ्याकडे मॅक आहे," धाकटा म्हणाला. "तुम्हा विंडोजवाल्यांना त्यातलं काय कळणार?"

पडद्यांच्या कारखान्यात सकाळपासून हेच चाललं होतं. कात्र्या थांबल्या होत्या, तोंडं थांबत नव्हती. मापं, नमुने, गिऱ्हाइकांची पत्रं, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचं ठरलं होतं. कुठल्या, तेवढं ठरत नव्हतं. कारण बाईंनी सांगून ठेवलं होतं: ज्याचं सॉफ्टवेअर कारखान्यात चालेल, ऑफिसची खुर्ची त्याची.

बाई म्हणजे या दोघांची आई. चौथीत शाळा सुटली, पण नुसती खिडकी बघून पडद्याचं माप सांगायच्या. मुलं भरपूर शिकली. आता टेप धरूनही त्यांची मापं चुकत.

लेक कोपऱ्यात जुन्या कॉम्प्युटरवर बसायची. त्यात लिनक्स होतं, फुकट मिळणारं, तिनंच घातलेलं. बारा वर्षं सगळी मापं तीच लिहीत आली होती. खुर्ची तिलाही हवी होती, पण भावांनी तिला शर्यतीत धरलंच नव्हतं.

"ताईचं काय, फुकट ते पौष्टिक!" धाकटा म्हणायचा, आणि थोरला हसायचा. एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं जमायचं.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी आल्या. फडकं घेऊन टेबलं पुसली, कपाटं पुसली. कारकून रोज कॉम्प्युटर चालूच ठेवून घरी जायचा. तो आला, तर बाई त्याच्या खुर्चीत बसलेल्या आणि स्क्रीन अक्षरांनी गच्च भरलेला.

"हे तिघांनाही पाठव. वाचू नकोस, घरचं आहे."

कारकुनानं तोंड फिरवून बटण दाबलं.

दुपारी बाईंनी तिघांना बोलावलं. "माझं पत्र कुणाकुणाच्यात उघडलं?"

"लख्ख उघडलं," थोरला म्हणाला. "आई, वाचताना गळा दाटून आला गं. कारखान्याला शिस्त हवी, थोरल्याचा शब्द शेवटचा! किती खरं लिहिलंयस."

धाकटा पुढं सरसावला. "ते वरचं झालं. माझ्या मॅकवर खालचंही दिसलं. जमाना नवा आहे, म्हणून धाकट्याला आशीर्वाद दिलायस."

"आशीर्वाद दोघांना आहे," थोरला घाईघाईनं म्हणाला.

"अगं बाई," बाई म्हणाल्या, "एवढं लिहिलं मी?" मग लेकीकडे वळल्या. "आणि तुझ्यात गं?"

"नुसता कचरा दिसतोय, आई. तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिलं. एक शब्द लागला नाही."

भाऊ खो खो हसले.

"घ्या! हिला सख्ख्या आईचं पत्र वाचता येईना," थोरला म्हणाला, "ही गिऱ्हाइकांची काय वाचणार?"

लेकीची मान खाली गेली. बाईंनी ऑफिसची किल्ली काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

"आई!" थोरला ओरडला. "मग त्या पत्राचं काय?"

"पत्र कसलं, मेल्या?" बाई म्हणाल्या. "सकाळी कीबोर्ड पुसला होता."