तिसऱ्या बेसची माती

"तिसऱ्या बेसजवळची माती घेऊ नकोस," लोरेटाने सकाळी फोनवर लेकीला बजावलं होतं. "बाकी कुठलीही घे. पिचरच्या उंचवट्यावरची घे, हवी तेवढी घे. तिसऱ्या बेसची मी सोमवारी आणीन. तिथला माळी माझ्या ओळखीचा आहे."

"का पण, आई?"

"गंज आहे तिथे. पोरीच्या तोंडात जाईल."

मार्सीने ते कानाआड केलं. एरवी चमचा खाली पडला तर दोनदा उकळून घेणारी बाई ती. पण आईचे शकुन-अपशकुन तिला पाठ होते. सामना चालू असताना उठायचं नाही, चुन्याच्या रेघेवर पाय द्यायचा नाही, विटकी टोपी धुवायची नाही. त्यातलाच हा एक. शिवाय सोमवारपर्यंत तिथे उरणार काय? ब्रॅनिगन फील्ड या जुन्या बेसबॉल मैदानाचा निरोप आज, शनिवारी होता. मंगळवारी बुलडोझर येणार होते.

आणि तिला तिसऱ्याच बेसची माती हवी होती. तिचे बाबा, एड, एकतीस वर्षं त्याच्याच मागे चौथ्या रांगेत बसले. काचेच्या कारखान्याने त्यांचा डावा कान घालवला होता. तिथे बसलं की बॅटचा आवाज बरोबर उजव्या कानावर यायचा. तीन वर्षांपूर्वी ते गेले. तिच्या चौदा महिन्यांच्या लेकीने, रूथीने, आजोबांना पाहिलंच नव्हतं. फोटो दाखवला की ती चौकट चाटायची. मोठेपणी तिच्या हातात देता येईल असं काहीतरी मार्सीला हवं होतं.

रूथीच्या खाण्याच्या बारा रिकाम्या बरण्या तिने उकळून, पुसून आणल्या होत्या. एक फुटली तर दुसरी असावी, दुसरी हरवली तर तिसरी.

मैदानावर जत्रा भरली होती. चांगली मोठी माणसं आठवणीची माती न्यायला गुडघ्यांवर बसून चमच्याने जमीन उकरत होती. कुणी गवतावर आडवं होऊन आभाळ बघत होतं. तिसऱ्या बेसभोवती तर पाय ठेवायला जागा नव्हती.

"पन्नास वर्षं येतोय मी," वॉकरला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, "पण आपल्या हेरन्स संघाच्या मैदानात तिसऱ्या बेसपर्यंत एवढी माणसं पोचलेली आजच बघतोय. आपले खेळाडू तर धावून धावून तिथवर कधी पोचलेच नाहीत."

तो डेल्बर्ट पूल. बाबांच्या शेजारच्या खुर्चीतला.

"तू एडची पोर ना? तुझ्या बापाने अंपायरला एकदा चष्म्याच्या दुकानाचं कार्ड फेकून मारलं होतं."

"दोनदा, असं बाबा सांगायचे."

"दुसरं मी दिलं होतं. लोरेटा कुठाय?"

"गर्दी नको म्हणाली."

"बाई पक्की आहे हो. तीन वर्षांत एक सामना चुकवला नाही. पायऱ्याही माझ्याआधी चढते."

मार्सीला हसू आलं. बाबा होते तेव्हा आई इकडे फिरकली नव्हती. बेसबॉल म्हणजे तीन तास थुंकणारे बाप्ये, असं म्हणायची. बाबा गेले आणि तिने त्यांचीच खुर्ची धरली. चर्चमागच्या दफनभूमीत मात्र यायची नाही. तिथे म्हणे गुडघे दुखतात. तिथल्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेल्या बाबांच्या राखेच्या कलशासमोर दर महिन्याला जिरेनियमची कुंडी मार्सी एकटीच ठेवून यायची. तिने कधी वाद घातला नाही. दुःखाची ज्याची त्याची तऱ्हा.

ती वाकली आणि भराभरा बरण्या भरल्या. प्रत्येक झाकणावर 'तिसरा बेस' आणि तारीख लिहिली. तेवढ्यात रखवालदाराने दोर बांधला, उकरणं पुरे. मागे राहिलेले लोक हिरमुसले. कामावरून धावत आलेली एक नर्स तर रडकुंडीलाच आली होती.

"ही घ्या," मार्सीने तिला एक बरणी दिली. मग डेल्बर्टला एक, कारण त्याला वाकता येत नव्हतं. मग जुळ्या बहिणींना एकेक. देता देता अकरा गेल्या. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वळून बघते तो रूथीच्या मुठीत माती, आणि अर्धी मूठ तोंडात.

संध्याकाळी तिने बरणी आईच्या टेबलावर ठेवली. लोरेटाने झाकण वाचलं आणि हातातला टॉवेल खाली ठेवला.

"किती भरल्यास?"

"बारा. अकरा वाटल्या. आई, रागावू नकोस. सोमवारी तिथे खड्डाच उरला असता. पण रूथीने थोडी खाल्ली गं. डॉक्टरला फोन करू का? तो गंज..."

लोरेटा नातीजवळ गेली. तिच्या हनुवटीवरचा मातीचा कण बोटाने टिपला.

"काही होत नाही तिला. घरचंच आहे."

मग तिने ती बरणी खिडकीत रेडिओशेजारी ठेवली, जरा उजवीकडे वळवली, आणि म्हणाली, "बस खाली, मार्सी. रूथीला माझ्याकडे दे आधी."

त्या रात्री हेरन्सच्या चाहत्यांच्या पानावर एक निवेदन आलं:

"आज ज्यांनी माझ्याकडून 'तिसरा बेस' लिहिलेली, बाळाच्या खाण्याची बरणी नेली, त्यांना विनंती. ती परत करायला नको, फक्त फेकू नका. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईने कलशात मैदानाची माती भरली आणि माझ्या बाबांना तिसऱ्या बेसपाशी ठेवलं. मला हे आजच कळलं. तेव्हा बरणी ठेवलेल्या फळीकडे एकदा बघाल का, ते नीट आहेत ना? आणि सामना असेल त्या दिवशी रेडिओ त्यांच्या उजव्या बाजूला लावा. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही."